हॅरिसनची सतार खरंच सतार आहे का?

राजवाड्यामागचा: बाबांना इंग्लिश बँड बीटल्सचं १९६५चं 'नॉर्वेजियन वुड' ऐकवलं, त्यात जॉर्ज हॅरिसन सतार वाजवतो. म्हणाले, "अरे, ही तर सतारीच्या वेशातली गिटार!" मी तीन वर्षं सतार शिकतोय, मिजराबीनं (तार छेडायच्या नखीनं) बोट अजून सोलतंय. त्यांचं बरोबर आहे?

तरफेची तार: त्या गाण्यापुरतं हो. चाल गिटारची, सतार तिच्या मागे धावते. रविशंकरांकडे हॅरिसन नंतर, १९६६मध्ये शिकला. मग त्याचं १९६७चं 'विदिन यू विदाउट यू' ऐकवा. त्यात दिलरुबा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य), तबलासुद्धा आहे.

पोहेवाला: बाबांना हेही सांगा, सतारिये रईस खाँ जन्मानं आपल्या इंदूरचेच! (आपलं कौतुक आपणच करायचं.)

राजवाड्यामागचा: ऐकवलं. डोळे मिटून बसले. शेवटी एवढंच, "तबल्यावर कोण रे?"