मदत हवी आहे: अस्वल अंगावर धावून आलं, तर नुसती धमकी की खरा हल्ला, कसं ओळखायचं?

मंडळी, ग्रिझली (उत्तर अमेरिकेतली तपकिरी अस्वलं) आणि काळी अस्वलं दोन्ही असलेल्या जंगलात आम्ही पायी फिरायला जाणार आहोत. सोबत लहान मुलगी आहे, म्हणून जीवाला घोर लागलाय.

मूळ गोष्टी माहीत आहेत. बोलत, टाळ्या वाजवत चालायचं, विशेषतः ओढ्याच्या खळखळाटात आणि दाट झुडपांत. खाणंच काय, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. दिसलं तर पळायचं नाही. ते ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकतं. मागच्या पायांवर उभं राहिलं की बहुधा वास घेत, न्याहाळत असतं.

घोडं अडतंय ते पुढे. पिल्लांची आई फुत्कारते, जबडा वाजवते, धावून येते आणि बऱ्याचदा मध्येच थांबते. ही फक्त धमकी आहे हे त्या क्षणात कळतं का? की ओळखण्याच्या भानगडीत न पडता सरळ अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे मारायचा?

स्वतःच्या किंवा पिल्लांच्या बचावासाठी ग्रिझलीने अंगाला हात घातलाच, तर पालथं पडून मान झाकायची. काळ्या अस्वलाशी मात्र झुंजायचं, हे पाठ आहे. पण काळी अस्वलं तपकिरीही असतात. ग्रिझलीच्या खांद्यावरचा उंचवटा समोरून दिसतो का?

आणि वारा आपल्याच तोंडावर असेल तर स्प्रे कधी मारायचा? मुलीला पाठीशी घ्यायचं की उचलून घ्यायचं? प्रत्यक्ष असा प्रसंग आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.