लोपेतेगींना 2018 मध्ये काढलं ते चूकच होतं

गोलजाळी
ऑक्टोबर 2025 मध्ये कतारने यूएईला 2-1 हरवून फुटबॉलचा वर्ल्ड कप गाठला. त्यांचे प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी. मला या बातमीचा मनापासून आनंद झाला, कारण या माणसाचं वर्ल्ड कपशी देणं राहिलंय. 1994 ला स्पेनच्या संघात गोलकीपर म्हणून अमेरिकेला गेले, पण झुबिझारेता आणि कान्यिसारेस हे दोन कीपर असताना एक मिनिटही मैदानात उतरले नाहीत. 2018 ला स्पेनचे प्रशिक्षक म्हणून रशियात पोचले, तर पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी घरी पाठवलं.

काय झालं होतं? 12 जूनला रेआल माद्रिद क्लबने जाहीर केलं की वर्ल्ड कपनंतर लोपेतेगी आमच्याकडे येणार. दुसऱ्या दिवशी स्पेनच्या फुटबॉल फेडरेशनचे अध्यक्ष रुबियालेस यांनी त्यांना काढून टाकलं. लोपेतेगींच्या हाताखाली स्पेन 20 सामने खेळला आणि एकही हरला नव्हता. इटलीला 3-0, अर्जेंटिनाला 6-1. असा बसलेला संघ एका माणसाच्या रागापायी मोडला.

मधली फळी
राग कसला? 22 मेला याच लोपेतेगींनी फेडरेशनबरोबर 2020 पर्यंतचा करार वाढवला होता. शाई वाळायच्या आत दुसरीकडे बोलणी! रुबियालेस यांच्या सांगण्यानुसार माद्रिदच्या पत्रकाच्या जेमतेम पाच मिनिटं आधी त्यांना कळलं. शिवाय त्या संघात माद्रिदचे सहा खेळाडू होते. माद्रिदचा इस्को खेळवायचा की दुसरा कोणी, असा प्रश्न आला की बाकीच्यांच्या मनात पाल चुकचुकणारच.

गोलजाळी
मग 2014 चे नेदरलँड्सचे प्रशिक्षक व्हान गाल घ्या. मँचेस्टर युनायटेडशी आधीच ठरलेलं होतं, तरी नेदरलँड्स तिसरे आले. 2016 च्या युरोआधी इटलीचे प्रशिक्षक कोंते चेल्सीला जाणार हे जगाला ठाऊक होतं. इटलीचं काय बिघडलं?

मधली फळी
ते जाणार हे त्यांच्या फेडरेशनला आधीपासून माहीत होतं. फरक नेमका तिथेच आहे. जाण्याला माझी हरकत नाही, लपवण्याला आहे.

कोपऱ्यातला झेंडा
दोघांचंही पटतं, पण त्याची किंमत खेळाडूंनी मोजली. सोचीचा पोर्तुगाल सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला होता, मी जागून पाहिला. रोनाल्डोचा साधा फटका दे हेआच्या हातातून निसटून आत गेला. ज्याच्यावर लोपेतेगींचा भरवसा होता तोच कीपर. लोपेतेगींच्या जागी आलेल्या येरोंनी दोन दिवसांत संघ हातात घेतला, ते तरी काय करणार? सामना 3-3. पुढे रशियाविरुद्ध हजारावर पास देऊनही गोल एकच, तोही रशियाचा स्वयंगोल. पेनल्टीवर बाहेर.

मधली फळी
आणि माद्रिदला जाऊन काय साधलं? 14 सामन्यांत 6 विजय, बार्सेलोनाकडून 5-1, ऑक्टोबरअखेर तिथूनही बाहेर. एवढ्यासाठी देशाचा वर्ल्ड कप पणाला लावला?

गोलजाळी
रोनाल्डो माद्रिद सोडून गेला, त्याच्या जागी तोलामोलाचा कोणी आणला नाही, तेही सांगा ना. आणि पुढचं का सोडता? 2020 ची युरोपा लीग फायनल, लोपेतेगींची सेव्हिया विरुद्ध इंटर, कोलोन, रिकामं स्टेडियम. 2-2 असताना इंटरचा लुकाकू एकटाच पुढे सुटला आणि सेव्हियाचा कीपर बोनोने पायाने चेंडू अडवला. सेव्हिया 3-2 जिंकली. शिट्टी झाल्यावर लोपेतेगी ढसाढसा रडले. बास्क प्रांतात दगड उचलण्याच्या स्पर्धा गाजवणाऱ्या माणसाचा हा मुलगा, कष्टाला कधी कमी पडला नाही. इंग्लंडच्या वुल्व्ज क्लबला तळातून 13व्या स्थानावर त्यांनीच आणलं.

मधली फळी
प्रशिक्षक म्हणून ते चांगलेच आहेत, त्यावर वादच नाही. पण 12 जूनला क्रास्नोदारच्या कॅम्पमध्ये त्या 23 जणांना आधी विश्वासात घेतलं असतं, तर आज मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

गोलजाळी
घ्यायलाच हवं होतं, हे मलाही मान्य आहे. तरी त्यांना स्पर्धा संपेपर्यंत ठेवायला हवं होतं, यावर मी ठाम आहे.