हालली का गं? कोयनेकडच्या हादऱ्यांचे अनुभव

माहेर_पाटण
काल रात्री साडेदहाला आईचा फोन. "हालली गं आत्ता. तुला साताऱ्यात कळलं का?" मला काहीच कळलं नव्हतं. तीन रिश्टरच्या आतला होता, पडझड नाही. पण फोन ठेवल्यावर झोपच गेली. आज्जी आठवत राहिली.

आज्जी रात्री दाराला कडी घालायची नाही. आतून नुसता पाट टेकवायची. कोयनेचा मोठा भूकंप, 11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटं. दार चौकटीत आवळलं, कडी निघेना. आजोबांनी कुऱ्हाडीनं फळी फोडली तोवर आढं खाली आलं होतं, पाळण्यावर. पाळण्यात माझी थोरली आत्या होती, सात महिन्यांची.

मांडणीच्या वरच्या फळीवर पितळी तांब्यावर फुलपात्र पालथं असायचं. ते किणकिणलं की आम्ही पोरं गोधडीसकट अंगणात. तुमच्या घरी काय करायचे? लिहा.

कृष्णाकाठ
गलबललं वाचून. आम्ही कराडला, आमच्याकडं तावदानं वाजतात तेवढीच. आईची काळजी घ्या.

बत्तीसशिराळा
आमच्याकडं वारणेच्या अंगानं येतो. आधी आवाज, लांब घाटात भरलेला ट्रक चढतोय तसा. म्हशी दावं ओढायला लागतात, मग भुई हालते. सासूबाई आधी चुलीतली लाकडं बाहेर ओढून पाणी मारायच्या, मग बाहेर पडायच्या. कुकर लागलाय, नंतर लिहिते.

भूगर्भवेडी
@बत्तीसशिराळा, आवाज खराच असतो. कोयना-वारणेचे बहुतेक भूकंप दहा किलोमीटरच्या आतले, म्हणजे उथळ. वेगवान लहरी आधी पोचतात, त्यांनी जमीन थरथरली की हवेत घरघर उमटते. जोरानं हलवणाऱ्या लहरी मागून येतात. उथळ म्हणूनच एवढासा हादराही गावाला कळतो. 1962 च्या सुमारास कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरायला लागला तेव्हापासून हे चालू आहे. पाण्याचा भार, शिवाय खडकाच्या भेगांत झिरपणारं पाणी. अभ्यासासाठी गोठण्याला 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय. एक कळकळीनं सांगते, "अमुक दिवशी मोठा होणार" असले मेसेज पुढं ढकलू नका. तारीख-वेळ कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हातारी माणसं रात्रभर अंगणात बसून राहतात.

चिपळूणकडची
कुंभार्लीच्या खाली आम्हालाही कळतात. माहेर, तुमच्या गावाला हेळवाकवरनं जाता का? माझी मावशी तिकडंच दिलेली.

माहेर_पाटण
हो, हेळवाकला उतरून पुढं चालत. लहानपणी मे महिन्यात चालता चालता करवंदांनी फ्रॉकचा ओचा भरायचा. कुठली मावशी?

मराठवाड्यातून_साताऱ्यात
आम्ही किल्लारीजवळचे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची माती. मी नऊ वर्षांचा. वडिलांचा हात ढिगाऱ्यातून दिसला तो अंगठीवरनं ओळखला. वडील वाचले. अजून उशाला बॅटरी ठेवतो. माहेर, तुमच्या आज्जीचा पाट मला कळतो.

कृष्णाकाठ
दादा, काय बोलावं. वडील बरे आहेत ना आता?

मराठवाड्यातून_साताऱ्यात
आहेत. गावी शेतात एकमजली पत्र्याचं घर. स्लॅबखाली झोपायला येत नाहीत.

जावळीचे_गुरुजी
वर्गात महिन्यातनं एकदा सराव घेतो. बाकाखाली, दप्तर डोक्यावर, थांबलं की मैदानात. पहिलीतली एक मुलगी दप्तर माझ्याच डोक्यावर धरायला आली होती.

माहेर_पाटण
आत्ताच आईशी बोलले. पडवीतली जुनी भेग बोटभर उघडली होती, तिनं सकाळीच माती-शेण कालवून बुजवली. आज्जीचा तांब्या मी दिवाळीत साताऱ्याला आणला, आई आता स्टीलचा ठेवते. तो वाजला का, विचारायचं राहिलं.

चिपळूणकडची
मावशीचं घर शाळेच्या वरच्या अंगाला, फणसापाशी. पुढच्या फोनला आईंना विचाराल का?