मदत हवी आहे: कॉकाटीलच्या पंखातून रक्त येतंय

मंडळी, रात्री अंधारात दचकून आमचा कॉकाटील पिंजऱ्यात फडफडला (या जातीची खोडच आहे ती) आणि उजव्या पंखातलं नवं फुटणारं पीस मोडलं. अशा कोवळ्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं, त्यामुळे बरंच वाहिलं. टॉवेलात सैलसर धरून, छातीवर दाब न देता, कॉर्नफ्लोअर लावून गॉजने दाबून ठेवलं तेव्हा थांबलं. पण चोचीने कुरतडलं की पुन्हा थेंब येतो. जेमतेम 90 ग्रॅमचा जीव, अंगात रक्त ते किती, 9 मिलिलिटरच्या आसपास! पोटात गोळा येतो.

वरच्या काठ्या काढल्यात, पिंजऱ्याला ऊब दिलीय. राळे खातोय, पण फुगून बसलाय.

मोडकं पीस मुळापासून उपटावं, असं काहीजण सांगतात. माझं धाडस होत नाही. डॉक्टरकडूनच काढून घ्यायचं, की आपोआप गळेल? सासूबाई हळद लावायला सांगतायत, चालेल का?

पुण्यात कोथरूडजवळ रविवारी पक्षी तपासणारं कुणी आहे का? दोन दवाखान्यांनी फोनवरच "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" सांगितलं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कृपया सुचवू नका.