भाच्याच्या हृदयासाठी मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईजवळ. माझ्या मावसबहिणीचा मुलगा ११ वर्षांचा, सहा महिने झाले पोट फुगतंय, हातपाय काटकुळे पण पोट एवढं ताणलेलं की शाळेच्या पँटचं बटण लागत नाही, आणि सगळे जंत जंत म्हणून औषधं देत राहिले. शेवटी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा कळलं, एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. हृदयाचं आतलं अस्तर जाड न् कडक होतं, कप्पा नीट पसरत नाही, मग रक्त मागे तुंबतं आणि पोटात पाणी साठतं. युगांडा, मोझांबिक आणि आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर हा जास्त सापडलाय, तोही गरीब घरच्या पोरांत, आणि नक्की कारण अजून कुणाला सापडलेलं नाही, याचाच जीवाला त्रास होतो. रात्री आडवं झालं की दम लागतो म्हणून बहीण त्याला भिंतीला टेकवून बसवते.

गोळ्यांनी पाणी थोडं उतरलंय, पेज दोन घोट जास्त जाते. डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतायत, जाड थर सोलून काढतात, लागलं तर व्हॉल्व्हही बदलतात, पण जोखीम मोठी आहे. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये कुणी मूल नेलंय का? नंबर कसा लावायचा, राहायचं कुठे, आपलं गोवा सरकारचं दीनदयाळ आरोग्य विम्याचं कार्ड तिथे चालतं का? मल्याळम येणारं कुणी ओळखीचं असेल तर प्लीज सांगा.