थंडरबर्ड की ब्राउझरमधलं वेबमेल? करसल्लागाराच्या ऑफिससाठी काय बरं? (थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर टाकायचा मेल प्रोग्राम. जमाखर्च, कुलूपकिल्ली, सर्व्हरखोली, उंबरठा ही चर्चेत लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

जमाखर्च:

तीन कॉम्प्युटरचं करसल्लागार ऑफिस, सगळीकडे विंडोज ११ (एक प्रो, दोन होम). ईमेल खाती दोन. एक स्वतःच्या डोमेनचं, शेअर्ड होस्टिंगवर, सीपॅनेलमधून (होस्टिंगचं नियंत्रण पान) राउंडक्यूब हे वेबमेल उघडतो. दुसरं साधं जीमेल. दोन्हींवर मिळून अंदाजे १८ जीबी मेल. त्यात क्लायंटचे पॅन, ई-आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट असं सगळं.

आज तिन्ही मशीनवर मेल क्रोममध्येच उघडतो आणि पासवर्डही क्रोममध्येच सेव्ह आहे. विचार असा आहे की थंडरबर्डसारखा प्रोग्राम टाकावा, म्हणजे डेटा आपल्या हातात राहील. पण डेटा आपल्या मशीनवर आला की जबाबदारीही आपलीच, हेही कळतं. शिवाय विंडोजसोबत नवीन आउटलुक आलेलंच आहे, मग वेगळं काही टाकायची गरज आहे का? आणि पॉप (मेल मशीनवर उतरवून घेणारी पद्धत) ठेवावं की आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून मशीन जोडणारी)? सोय दुय्यम आहे, सुरक्षा आणि खासगीपणा यांबद्दल सांगा.

कुलूपकिल्ली:

"डेटा आपल्या हातात" हे अर्धंच खरं. वेबमेल वापरा किंवा प्रोग्राम, सर्व्हरवरची प्रत तिथेच राहते. आयमॅपने प्रोग्राम जोडलात की त्या प्रतीत आणखी तीन प्रतींची भर पडते, प्रत्येक मशीनच्या डिस्कवर एकेक. म्हणून आधी हे बघा की त्या डिस्कला कुलूप आहे का.

थंडरबर्ड मेल एमबॉक्स नावाच्या साध्या मजकूर फाइलींत ठेवतो. नोटपॅडने उघडलीत तर मजकूर सरळ वाचता येतो. सेटिंग्जमधला "प्रायमरी पासवर्ड" फक्त साठवलेल्या पासवर्डांना कुलूप लावतो, मेलला नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. विंडोजचा लॉगिन पासवर्डही इथे कामाचा नाही, कारण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की फाइली समोर हजर.

त्यामुळे डिस्क एनक्रिप्शन (अख्ख्या डिस्कला कुलूप) चालू असल्याशिवाय थंडरबर्ड टाकूच नका. प्रोवर बिटलॉकर आहे. होमवर सेटिंग्ज → प्रायव्हसी अँड सिक्युरिटी → डिव्हाइस एनक्रिप्शन बघा. हा पर्याय दिसतच नसेल तर बहुधा त्या मशीनचं हार्डवेअर त्यात बसत नाही, तिथे वेबमेलच ठेवा. एनक्रिप्शन चालू केल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत टाका. बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं की मशीन एखाद्या सकाळी तीच मागतं, आणि ती सकाळ नेमकी रिटर्नच्या शेवटच्या तारखेची असते.

आणखी दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. डिलीट केलेला मेल एमबॉक्स फाइलमधून लगेच जात नाही, फोल्डर "कॉम्पॅक्ट" होईपर्यंत तो आत पडून असतो. आणि ग्लोबल सर्च चालू असेल तर शोधासाठीच्या वेगळ्या डेटाबेसमध्येही मेलचा मजकूर उतरतो. जुना लॅपटॉप विकताना फक्त इनबॉक्स रिकामा करून भागत नाही ते यामुळे.

आता वेबमेलची बाजू. तिथे धोका डिस्कचा नसून ब्राउझरचा आहे. "सर्व वेबसाइटवरील डेटा वाचणे व बदलणे" अशी परवानगी घेतलेलं कुठलंही एक्स्टेन्शन उघडा मेल वाचू शकतं. कुपन शोधणारं, पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट काढणारं, सगळी त्याच माळेचे मणी. दुसरा धोका सेशन कुकीचा. एकदा लॉगिन झालं की ब्राउझरकडे एक टोकन असतं आणि माहिती चोरणारे व्हायरस तेच उचलतात. चोराला मग पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. "टू-स्टेप चालू आहे, मग काळजी कसली" हे म्हणणं इथे तोकडं पडतं.

यावर उपाय साधा आहे. मेलसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको, दुसरी कुठली साइट त्यात उघडायची नाही, आणि संध्याकाळी नुसती टॅब बंद न करता साइन आउट करायचं.

सर्व्हरखोली:

वरचं मान्य, पण किल्ल्यांचा हिशेब राहिला. प्रोग्राम वापरा की नका वापरू, डोमेनच्या खात्याचं आयमॅपचं दार सर्व्हरवर उघडंच असतं. वेबमेलला ओटीपी लावला तरी ९९३ पोर्टवर, म्हणजे या आयमॅपच्या दारावर, नुसता पासवर्ड चालतो. म्हणून "आम्ही फक्त वेबमेल वापरतो" याने हल्लेखोराला काही फरक पडत नाही. तो पासवर्ड २० अक्षरांचा, यादृच्छिक आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला हवा. ऑफिसचं नाव आणि पुढे १२३ असा असेल तर बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

जीमेलमध्ये पूर्वी सेटिंग्जमधून आयमॅप बंद ठेवता यायचं. जानेवारी २०२५ पासून वैयक्तिक खात्यांत तो पर्याय निघाला, आयमॅप कायम चालूच असतं. पण तिथे खात्याचा साधा पासवर्ड चालत नाही, दोनच वाटा उरतात. एक, ओऑथ२: थंडरबर्ड गूगलचंच लॉगिन पान उघडतो, ओटीपी तिथे द्यायचा, आणि प्रोग्रामकडे पासवर्डाऐवजी टोकन राहतं. दोन, १६ अक्षरी अॅप पासवर्ड. हा दुसरा टाळा. त्याला दुसरी पायरी नसते, कुणी तो वहीत लिहून ठेवला आणि वही गेली की खातं गेलं. आधी कधी बनवला असेल तर आजच रद्द करा. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की जुने अॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात, हे लक्षात असू द्या.

नवीन आउटलुकबद्दल. त्यात आयमॅप खातं जोडताना "मायक्रोसॉफ्ट क्लाउडशी सिंक करा" असा संवाद येतो आणि लोक डोळे झाकून पुढे जातात. त्याचा अर्थ असा की तुमच्या डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आणि मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते आणि तो सर्व्हर तुमच्या होस्टिंगशी बोलतो, तुमचं मशीन नाही. कपडे प्रोग्रामचे, आत वेबमेल. मायक्रोसॉफ्ट हे लपवत नाही, पण क्लायंटचे कागद तिसऱ्या जागी गेले एवढं खरं. जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक, आयमॅपला थेट जोडतं. विंडोजचं जुनं "मेल" अॅप २०२४ च्या अखेरीस बंद झालं, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

प्रोग्राम मुळातच सुरक्षित आणि वेबमेल कच्चं, किंवा याच्या उलट, असंही नाही. मार्च २०२३ मध्ये विंडोजवरच्या आउटलुकमधलं एक भोक बुजवलं गेलं. अपॉइंटमेंटच्या आठवणीचा आवाज कुठून वाजवायचा या जागी हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता घातला की मशीन आपणहून लॉगिनचा हॅश (पासवर्डाचं सांकेतिक रूप) तिकडे पाठवायचं, मेल उघडायचीही गरज नव्हती. ब्राउझरमधल्या आउटलुकला याची बाधा नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राउंडक्यूबची पाळी आली: खास रचलेला मेल ब्राउझरमध्ये नुसता बघितला की त्यातली स्क्रिप्ट चालायची आणि मेल बाहेर पाठवायची. जून २०२५ मध्ये राउंडक्यूबमधलंच आणखी एक गंभीर भोक बाहेर आलं, ते १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत बुजवलं. राउंडक्यूबमध्ये "अबाउट" दाबा. आवृत्ती याच्या खाली दिसली तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका, आणि उत्तर येईपर्यंत ते खातं ब्राउझरमध्ये उघडू नका.

उंबरठा:

पॉप की आयमॅप यावर. तीन मशीन असतील तर पॉप म्हणजे रोजचा घोळ. थंडरबर्ड आणि क्लासिक आउटलुक दोन्हींत पॉपला "सर्व्हरवर प्रत ठेवा, १४ दिवसांनी काढा" असा हिशेब असतो. एक मशीन तीन आठवडे बंद राहिलं की मधले काही मेल त्याच्यावर कधीच येणार नाहीत, आणि ज्याच्यावर आले त्याची डिस्क गेली तर कुठेच नाहीत. आयमॅपच घ्या. पण आयमॅपला बॅकअप समजू नका. एकाने डिलीट केलं की तिघांकडून जातं.

१८ जीबी तिन्हीकडे उतरवायची काहीच गरज नाही. अकाउंट सेटिंग्ज → सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज इथे "अलीकडचे इतके दिवस" हा पर्याय आहे, तिथे ९० दिवस टाका. जुनं काही हवं असेल तेव्हा सर्व्हरवर शोधता येतं. मशीन चोरीला गेलं तरी नुकसान तीन महिन्यांपुरतं.

जीमेलच्या बाबतीत अजून एक. जीमेलची लेबलं थंडरबर्डला फोल्डर म्हणून दिसतात, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्ये आणि "ऑल मेल"मध्ये असा दोनदा उतरतो. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंग्जमध्ये लेबल्सखाली "ऑल मेल"समोरची "शो इन आयमॅप"ची खूण काढा.

मेल उघडल्याची खबर पाठवणाऱ्या अदृश्य चित्रांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: थंडरबर्ड आणि राउंडक्यूब बाहेरची चित्रं मुळातच अडवतात. जीमेल २०१३ पासून ती स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, म्हणजे तुमचा आयपी लपतो, पण मेल उघडला हे पाठवणाऱ्याला कळू शकतं. सेटिंग्ज → जनरल → इमेजेस इथे "विचारून दाखवा" करा. थंडरबर्डमधून पाठवलेल्या मेलच्या हेडरमध्ये बहुधा तुमचा आयपी आणि प्रोग्रामचं नाव जातं, जीमेलच्या वेबवरून पाठवलं तर आयपी जात नाही. पत्रकाराला याचं महत्त्व आहे, करसल्लागाराला फारसं नाही.

जमाखर्च:

आभार. प्रोवाल्या मशीनवर बिटलॉकर चालू केलं, थंडरबर्ड टाकला. जीमेल ओऑथने जोडलं गेलं. डोमेनच्या खात्याला "मेल डॉट आमचं डोमेन" असं सर्व्हरचं नाव दिलं तर सर्टिफिकेटची (सर्व्हरच्या ओळखपत्राची) सूचना येते, खाली "कन्फर्म सिक्युरिटी एक्सेप्शन" बटण आहे. होस्टिंगचा सपोर्ट म्हणतो दाबून टाका. दाबू का?

सर्व्हरखोली:

नाही. ते बटण दाबलंत की तुम्ही म्हणताय, "समोर कोण आहे ते न बघता यापुढे पासवर्ड दे." आधी "व्ह्यू" दाबून सर्टिफिकेट वाचा. कारण सहसा तीनपैकी एक असतं.

नाव जुळत नाही: सर्टिफिकेट होस्टिंगच्या सर्व्हरच्या नावाने असतं आणि तुम्ही स्वतःच्या डोमेनचं नाव दिलेलं असतं. सीपॅनेलमध्ये ईमेल अकाउंट्स → कनेक्ट डिव्हायसेस इथे सुरक्षित जोडणीसाठीचं सर्व्हरनाव दिलेलं असतं, इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्हीकडे तेच टाका. शेअर्ड होस्टिंगवर दहातले आठ वेळा एवढ्यानेच काम होतं.

मुदत संपली: सीपॅनेलमध्ये एसएसएल/टीएलएस स्टेटस उघडा आणि ऑटोएसएसएल पुन्हा चालवा.

जारी करणाऱ्याच्या जागी तुमच्या अँटिव्हायरसचं नाव आहे: तो मधे बसून मेल उघडून बघतोय. त्याचं ईमेल किंवा एसएसएल स्कॅनिंग बंद करा. अटॅचमेंट डिस्कवर उतरली की तो फाइल तशीही तपासतोच.

पोर्ट असे ठेवा: आयमॅप ९९३ एसएसएल/टीएलएस, एसएमटीपी (मेल पाठवायला) ४६५ एसएसएल/टीएलएस. ४६५ चालत नसेल तर ५८७ स्टार्टटीएलएस. आपोआप शोधलेल्या सेटिंगमध्ये १४३ आणि "नन" (म्हणजे एनक्रिप्शन नाही) आलं असेल तर हाताने बदला. "नॉर्मल पासवर्ड" हा शब्द बघून घाबरू नका, वर एसएसएल/टीएलएस असेल तर पासवर्ड त्या एनक्रिप्टेड बोगद्यातूनच जातो.

कुलूपकिल्ली:

आणि हा बोगदा तुमच्या सर्व्हरपर्यंतच. पुढे क्लायंटच्या मेलबॉक्समध्ये सगळं उघडंच पडून राहतं. "पीडीएफला पासवर्ड आहे" यावर विसंबू नका. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. एआयएसचा (आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाचा) म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. दोन्हींची सामग्री त्याच मेलबॉक्समध्ये, बहुतेक वेळा त्याच मेलमध्ये असते. संवेदनशील कागद पाठवताना ७-झिपमध्ये ७झेड प्रकार आणि एईएस-२५६ निवडा, "फाइलनावंही एनक्रिप्ट करा" ही खूण करा आणि पासवर्ड फोनवर सांगा. थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी (मेल एनक्रिप्ट करायची पद्धत) अंगभूत आहे, ऑफिसातल्या ऑफिसात वापरायला उत्तम. क्लायंटकडून ती अपेक्षा ठेवू नका.

उंबरठा:

दोन होम मशीनपैकी ज्याच्यावर डिव्हाइस एनक्रिप्शन नाही तिथे वेगळ्या प्रोफाइलमध्ये वेबमेल, बाकीकडे थंडरबर्ड ९० दिवसांवर, असं करा. क्रोममधले सेव्ह केलेले मेलचे पासवर्ड काढून मगच नवे ठेवा.

नवा पासवर्ड ठेवण्याआधी फॉरवर्डिंग तपासा. कुणी आधी आत येऊन गेला असेल तर पासवर्ड बदलल्याने त्याने लावलेला फॉरवर्ड जात नाही, मेल त्याच्याकडे जातच राहतो. जीमेलमध्ये "फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप" आणि "फिल्टर्स" ही दोन्ही पानं बघा. सीपॅनेलमध्ये "फॉरवर्डर्स" आणि "ईमेल फिल्टर्स", आणि राउंडक्यूबच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर्स असतील तर तेही. "बँक", "ओटीपी", "इनव्हॉइस" असे शब्द असलेला मेल थेट ट्रॅशमध्ये टाकणारा एखादा फिल्टर दिसला, तर डिलीट करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

जमाखर्च:

सर्व्हरनाव बदलल्यावर सूचना गेली. फॉरवर्डर्स रिकामे आहेत. राउंडक्यूब १.६.९ दिसतंय, तिकीट टाकलं.