मंद रंगांचं स्वयंपाकघर रेंडरमध्ये धुतल्यासारखं का दिसतंय?

शेवाळी_छटा:
आईच्या स्वयंपाकघराचा आराखडा मी स्वतः करतेय, ब्लेंडर ४.२ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. तिला भडक काही नको. म्हणून खालच्या कपाटांची दारं शेवाळी (नमुन्याचे आकडे १३८, १५०, १३२), वरची मोतिया, ओटा राखाडी आणि फरशी फिक्या लाकडासारखी. नमुन्याच्या पट्ट्या हातात धरल्या की चारही रंग एकमेकांशेजारी शांत बसतात. रेंडरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर शेवटी काढून देतं त्या चित्रात, मात्र शेवाळी जवळजवळ पांढरा होतो, आणि अंदाजाने गडद केला की प्लास्टिकसारखा चमकतो.

तीन आठवडे यातच गेलेत. आकडे २५५ ने भागून ०.५४, ०.५९, ०.५२ असे बेस कलरमध्ये (वस्तूच्या मूळ रंगाच्या रकान्यात) भरलेत. भिंती पूर्ण पांढऱ्या, म्हणजे तिन्ही आकडे १.०. प्रकाश फक्त खिडकीतून, ढगाळ आकाशाचा एचडीआरआय (दृश्याला उजेड देणारा आकाशाचा फोटो). चित्र बघून आई हो म्हणाली की दारं रंगायला जाणार आहेत, त्यामुळे चित्रातला रंग खरा असणं मला फार महत्त्वाचं आहे.

सावली_प्रकाश:
घोटाळा त्या भागाकारात आहे. नमुन्याचे आकडे एसआरजीबीचे, म्हणजे पडद्यासाठीच्या मोजपट्टीचे असतात आणि ब्लेंडरचे आरजीबी स्लायडर लिनियर, म्हणजे प्रत्यक्ष उजेडाच्या प्रमाणात. तुम्ही भरलेला रंग प्रत्यक्षात साधारण १९४, २०२, १९० इतका फिका झालाय. हेक्स कोड (रंगाचा सहा अक्षरी कोड) भरा, रूपांतर आपोआप होतं. मग स्लायडरवर ०.२५, ०.३१, ०.२३ च्या आसपास दिसेल.

भिंतींचं १.० काढाच. आलेला सगळा प्रकाश परत फेकणारा रंग कुठल्याच भिंतीवर नसतो. चांगला पांढरासुद्धा ०.८ च्या आसपास धरावा. १.० ठेवलं की उजेड भिंतीभिंतींतून फिरत राहतो, कोपऱ्यातल्या सावल्या भरून निघतात, आणि मंद रंगांना तर सावल्यांचाच आधार असतो.

तिसरं म्हणजे व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हिशेबातला उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलण्याची पद्धत. ब्लेंडर ४.० पासून त्यातली एजीएक्स ही पद्धत आधीच निवडलेली असते आणि ती उजळ भागातले रंग आणखी फिके करते. त्याखालच्या लुक या पर्यायात ‘मीडियम हाय कॉन्ट्रास्ट’ लावून बघा. तरीही पडद्यावरचा आकडा नमुन्याशी तंतोतंत जुळणार नाही, कारण त्यात तुमच्या खिडकीचा उजेडही मिसळलेला असतो.

कपाटवाला:
मी दारं बनवतो, म्हणून थोडं वेगळं सांगतो. चित्र एकदा काळं-पांढरं करून बघा. ओटा आणि दारं एकाच राखाडीत मिसळली तर रंग कितीही सुंदर असोत, खोली सपाटच दिसणार. दोघांपैकी एक स्पष्ट गडद हवा. मी ओटा गडद केला असता.

दारांच्या कडांना एक-दोन मिलिमीटरचा बेव्हल (तासलेली कड) द्या. खऱ्या दाराची कड उजेड पकडते आणि मंद रंगात ती बारीक रेघच दार दाखवते. मॅट रंगाला रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा, कमी तितकी चमक जास्त) ०.५ च्या खाली नको, तुमची प्लास्टिकची चमक बहुतेक तिथूनच येते.

शेवाळी_छटा:
दोघांचे मनापासून आभार! हेक्स भरला आणि शेवाळी जागेवर आला. रफनेस ०.३ होता, ०.६ केला. भिंती ०.८ केल्यावर खोलीला पहिल्यांदा कोपरे आले, मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. ओटाही गडद केला.

आता आई विचारते, “ओटा गुलाबीसर का घेतलास?” पिकरने (चित्रातल्या रंगाचे आकडे दाखवणाऱ्या साधनाने) तपासलं तर तिथे अगदी उदासीन राखाडी आहे, तिन्ही आकडे जवळपास सारखे. तिला दिसतंय ते मलाही आता दिसायला लागलंय.

सावली_प्रकाश:
तुमच्या आईंची नजर पक्की आहे. हिरव्याशेजारी ठेवलेला राखाडी किंचित गुलाबी भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी शेजारच्या रंगांचा हा परिणाम १८३९ मध्येच सविस्तर मांडला होता. शेवाळी दारं क्षणभर लपवून रेंडर करा, गुलाबी झाक जाईल. तरी एकदा लाकडी फरशी लपवूनही बघा, तिचा तांबूस उजेड वर उसळतो. मग राखाडीला थोडा हिरव्याकडे झुकवा, अगदी दोन-तीन आकड्यांनी.

कपाटवाला:
आणि ओट्याचा खरा तुकडा रंगवलेल्या दाराला टेकवून, त्याच खिडकीत, सकाळी आणि दिवे लावल्यावर, असा दोनदा आईंना दाखवा. दारं त्यानंतरच रंगायला द्या.

शेवाळी_छटा:
दाराचा नमुना उद्या मिळतोय. दोन्ही वेळचे फोटो इथेच टाकते.